किल्ली कोणाच्या कमरेला?

घराचा मालक कोण, हे महानगरपालिकेच्या पावतीवरून ओळखावयाचे नसते. किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे त्यावरून ओळखावयाचे असते, हे आमच्या आजीला पक्के ठाऊक होते. सासूने ज्या दिवशी जुडगा काढून सुनेच्या हाती दिला, त्या दिवशी घरात राज्य बदलले. त्याला ना दस्त लागला, ना साक्षीदार. आणि ज्या घरात सून पन्नाशीला टेकली तरी कोठीच्या खोलीची किल्ली सासूच्या कनवटीलाच राहिली, त्या घरात सून राबली, खपली, सणासुदीला शालू नेसून मिरवलीही. पण वाटीभर साखर काढावयाची म्हटली की तिला सासूच्या तोंडाकडे पाहावे लागले.

मोटार विकत घेणारे आपण सारे आज त्या पन्नाशीच्या सुनेच्या जागी आहोत, असे माझे म्हणणे आहे. आठ-दहा लाख रुपये मोजावयाचे, त्यातले निम्मे कर्जाऊ काढावयाचे, दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी दारात आणावयाची, तिला हार घालावयाचा, चाकाखाली लिंबू ठेवावयाचे, आणि 'मालक' म्हणून छायाचित्र काढून घ्यावयाचे. किल्ली आपल्या खिशात असते, हे खरे. पण त्या किल्लीच्या पोटातले गुपित कंपनीच्या कनवटीला असते. ही गोष्ट एरवी कळत नाही. किल्ली हरवली की कळते.

दिवाळीच्या अंकात हे किल्लीपुराण कशाला, असे कोणी पुसेल. त्याला माझे उत्तर एवढेच, की मोटारी बहुतेक दिवाळीच्या मुहूर्तावरच घेतल्या जातात, आणि फसावयाचे ते मुहूर्तावरच फसतात. शिवाय सोलापूरकराने मोटारीविषयी बोलू नये तर कोणी बोलावे? ह्याच गावात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे जी फियाट आणि पद्मिनी बाहेर पडली, तिने दोन पिढ्यांना देवदर्शनाला, लग्नाला आणि इस्पितळात नेले. मुंबईतली काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. वीस वर्षांची मुदत संपली म्हणून.

त्या पद्मिनीची किल्ली हरवली तर काय करीत असत? नव्या पेठेत जात. तिथे पदपथावर लोखंडी पेटीवर कोऱ्या किल्ल्यांचा हार टांगून एक गृहस्थ बसलेला असे. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषांत तो तोच एक भाव सांगे. कोरी किल्ली कुलपात घालून हलवावयाची, पितळेवर उमटलेले बारीक वण पाहावयाचे, तिथे कानस चालवावयाची, पुन्हा घालून पाहावयाची. चहा संपेपर्यंत किल्ली तयार. त्या कुलपाची थोरवी मी गाणार नाही. ते कुलूप म्हणजे निव्वळ शिष्टाचार होता. दुसऱ्याच्या मोटारीची किल्ली आपल्या दाराला लागण्याचे प्रकार त्या काळी सर्रास होत, आणि ज्याच्यापाशी वाकडी तार व निवांत वेळ असे त्याला तेवढीही गरज पडत नसे. चोराला अडविण्याच्या कामी ते कुलूप कुचकामी होते. पण मालकाला मात्र त्याने कधी अडविले नाही.

आता आजची गोष्ट ऐका. आमचे थोरले बंधू पंढरपूरला गेले होते. वारी नव्हती, एकादशी नव्हती, साधा बुधवार. चंद्रभागेत उतरून ओंजळ भरावयास वाकले आणि सदऱ्याच्या खिशातली मोटारीची किल्ली विठोबाच्या पायाशी अर्पण झाली. नावाड्याच्या पोरांनी तासभर बुड्या मारल्या. दोन नारळ आणि एक चप्पल तेवढी निघाली. गाडी जुनी घेतलेली. तिच्याबरोबर किल्ली एकच आली होती, कारण पहिल्या मालकाने दुसरी केव्हाच गहाळ केली होती. मग एका मालवाहू गाडीच्या पाठीवर चढून दादांची मोटार सत्तरेक किलोमीटर सोलापूरला आली, नवी नवरी पालखीतून यावी तशी.

दादा आधी नव्या पेठेतल्या त्या जुन्या किल्लीवाल्याच्या मुलाकडे गेले. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, काचेतून आत पाहिले, आणि म्हणाला, "लोखंड कापून देतो की ओ साहेब. दार उघडंल. पर गाडी न्हाई चालू व्हायची. आत चीप आहे. तिचं मशीन मी घेतलंय, कर्ज काढून घेतलंय. पर ह्या गाडीचा आतला नंबर कंपनी मला देत न्हाई." एवढे प्रामाणिक उत्तर दादांना त्यानंतर कोणी दिले नाही. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे (त्याचे नाव मी घेत नाही, कारण सगळ्यांकडे हाच प्रकार आहे असे दिसते) त्यांनी नोंदणीपुस्तक मागितले, आधारपत्र मागितले, पोलिसांत किल्ली गहाळ झाल्याची नोंद मागितली. हे सगळे योग्यच होते. मग सांगितले की किल्ली वरून येईल. 'वरून' म्हणजे कोठून, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. एकोणीस दिवसांनी ती आली, आणि तिच्याबरोबर १८,४०० रुपयांचे बिल आले; कारण नुसती किल्ली मिळत नाही, कुलपांचा सगळा संच बदलावा लागतो, असा त्यांचा नियम. वहिनींनी बिल वाचले आणि एकच प्रश्न विचारला: "गाडी आपलीच होती ना?"

ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर किल्लीच्या पोटात काय असते ते पाहिले पाहिजे.

किल्लीच्या काळ्या मुठीत शेंगदाण्याएवढा एक तुकडा बसविलेला असतो. त्याला बॅटरी लागत नाही. कुलपाच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. किल्ली फिरवली की त्या वेटोळ्यातून सेकंदाला सुमारे सव्वा लाख कंपनांचे चुंबकीय क्षेत्र उठते, आणि त्याच्याच जोरावर तो तुकडा क्षणभर जागा होतो. मग जे घडते ते किल्ल्याच्या दरवाजावरच्या पहाऱ्यासारखे असते. जुना पहारेकरी परवलीचा एकच शब्द विचारी. तो शब्द झाडामागे लपलेल्या शत्रूने एकदा ऐकला की संपले. हा नवा पहारेकरी हुशार आहे. तो दर वेळी एक नवे गणित घालतो. ते गणित सोडविण्याची गुप्त रीत फक्त मोटारीला आणि त्या शेंगदाण्याला ठाऊक असते. उत्तर बरोबर आले तर इंजिनाला पेट्रोल सोडावयाचा हुकूम निघतो; चुकले तर तुम्ही पितळेची किल्ली कितीही बिनचूक कापून आणा, इंजिन ढिम्म हलत नाही. ह्या योजनेला इमोबिलायझर म्हणतात. दार उघडणारे बटण हे वेगळे प्रकरण आहे. त्याला बॅटरी लागते, आणि ते दर दाबाला नवा आकडा हवेत सोडते. बटण मेले म्हणून मोटार मेली असे समजून पुष्कळ लोक उगाच विक्रेत्याकडे धावतात. विनाकिल्लीच्या नव्या मोटारींतही त्या चपट्या डबीच्या पोटात बहुधा एक लोखंडी पाते दडवलेले असते. त्याने दार उघडावयाचे, डबी चालू करण्याच्या बटणाला टेकवावयाची, बहुतेक गाड्या मुकाट्याने सुरू होतात. हे विकणारा सांगत नाही, म्हणून मी सांगितले.

आता हे यंत्र वाईट आहे काय? मुळीच नाही, आणि ह्या बाबतीत मी कंपन्यांच्या बाजूने साक्ष देतो. जर्मनीने १९९८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे केले, ऑस्ट्रेलियाने २००१ पासून, कॅनडाने २००७ पासून. अमेरिकेने सक्ती केली नाही. तेव्हा ह्युंदाई आणि किया ह्या दोन कोरियन कंपन्यांनी आपल्या पुष्कळशा स्वस्त मोटारी तिथे ह्या यंत्रावाचून विकल्या; त्याच मोटारी शेजारच्या कॅनडात मात्र यंत्रासकट. पुढे २०२१ च्या सुमारास शाळकरी पोरांना शोध लागला, की कुलपाचे आवरण उचकटून आतला खुंट फोन भारावयाच्या तारेच्या टोकाने फिरवला की गाडी चालू होते. मग गावोगावच्या त्या मोटारी इतक्या चोरीला गेल्या, की २०२३ साली कंपन्यांना सुमारे वीस कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. तेव्हा शेंगदाणा हवाच. माझे भांडण शेंगदाण्याशी नाही. तो कोणाच्या मुठीत असावा, ह्याच्याशी आहे.

सोलापूरकरांना ही गोष्ट मागावरून चटकन कळेल. आपली चादर जॅकार्ड मागावर विणतात. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडलेली असतात; भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो, आणि त्या भोकांच्या हिशेबाने मोर, कमळ, हत्ती जे काय असेल ते चादरीवर उमटते. म्हणजे पुठ्ठ्यांची माळ ही मागाची किल्लीच म्हणा ना. आता कल्पना करा, की माग विकणाऱ्याने विणकराला सांगितले: माग तुझा, सूत तुझे, घाम तुझा, पण पुठ्ठा फाटला तर तो माझ्याच दुकानातून घ्यावयाचा, मी म्हणेन त्या भावाने आणि मी म्हणेन तेव्हा, दुसऱ्या कोणी भोके पाडली तर माग हलणार नाही. अशा व्यापाऱ्याला आपल्या पद्मशाली बंधूंनी कोणत्या भाषेत उत्तर दिले असते, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. त्या म्हणतात, गुपित सर्वांना दिले तर चोरालाही मिळेल. आम्ही तुमच्याच भल्यासाठी तोंड बंद ठेवतो. हे वाक्य मी फार आदराने ऐकले असते, जर कुलपांचा इतिहास मला ठाऊक नसता.

लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कुलूप करणाऱ्याने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवले होते, आणि जो कोणी ते किल्लीवाचून उघडील त्याला दोनशे गिनी देण्याची पाटी लावली होती. कित्येक दशके कोणाला ते साधले नाही. १८५१ साली तिथे जगाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा हॉब्ज नावाचा एक अमेरिकन आला. (तोही साधू नव्हता, दुसऱ्या कंपनीची कुलुपे विकावयास आलेला होता.) त्याने आधी चब कंपनीचे नावाजलेले कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले, मग ब्रामाच्या कुलपापुढे बसला. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खटपट केली आणि तेही उघडले. इंग्लंडात हाहाकार उडाला. अशा गोष्टी उघड करू नयेत, चोर शिकतील, अशी ओरड झाली. पण चोरांना हे आधीच येत होते; शिकले ते कुलूप करणारे, आणि पुढची कुलुपे चांगली निघाली. त्यानंतर १८८३ साली केर्कहोफ्स नावाच्या भाषांच्या अध्यापकाने लष्करी सांकेतिक लिपीवर लिहिताना नियमच घालून दिला, की यंत्राची सगळी रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी ती असावी. गुपित काय ते किल्लीपुरते राहावे. आजही गुप्तलेखनाच्या शास्त्रात हा नियम पायाचा मानतात.

मोटारीच्या कंपन्यांनी नेमके उलटे केले. रचना झाकली, आणि झाकणाखाली कच्चे कुलूप ठेवले. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या आणि आरएसए प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी लाखो किल्ल्यांत बसविलेल्या एका चिपेचे गणित सोडवून दाखविले. मग युरोपातल्या तीन संशोधकांनी मेगामॉस नावाच्या दुसऱ्या चिपेचे गणित सोडविले. ह्यावर एखाद्या शहाण्या कारखानदाराने काय केले असते? कुलूप बदलले असते. फोक्सवॅगन कंपनी न्यायालयात गेली, आणि २०१३ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाकडून तो निबंध छापण्यास मनाई आणली. दोन वर्षे मोटारी होत्या तशाच रस्त्यावर राहिल्या. कुलूप लागले ते संशोधकांच्या तोंडाला. २०१५ साली एक वाक्य गाळून निबंध छापला गेला. त्याच्या पुढच्याच वर्षी ह्या क्षेत्रातल्या आणखी एका निबंधाने दाखविले, की १९९५ पासून ह्याच कंपनीसमूहाने विकलेल्या सुमारे दहा कोटी मोटारींच्या दारांची दूरनियंत्रक बटणे अवघ्या काही मोजक्या सामाईक गुप्त आकड्यांवर चालतात. म्हणजे अख्ख्या पेठेला एक कुलूप! आणि सून मात्र कोठीची किल्ली मागते म्हणून चोर.

खरा चोर ह्या भानगडीत पडतच नाही. तो आला आहे पुढे निघून. विनाकिल्लीच्या मोटारीत किल्ली खिशात असली की दार उघडते. मोटार हळू आवाजात सतत विचारीत असते, 'आहेस का जवळ?' आणि डबी म्हणते, 'आहे.' रात्री डबी आपल्या दिवाणखान्यात खुंटीवर, मोटार बाहेर रस्त्यावर. दोन चोर येतात. एक यंत्र घेऊन मोटारीपाशी उभा राहतो, दुसरा तसेच यंत्र घेऊन तुमच्या दाराशी. पहिला मोटारीचा प्रश्न पकडून दुसऱ्याकडे पाठवितो, दुसरा तो भिंतीपलीकडच्या डबीला ऐकवितो, डबीचे खरेखुरे उत्तर त्याच वाटेने परत येते. मोटारीला वाटते मालक शेजारी उभे आहेत. ह्यात गुपित फोडावेच लागत नाही. निरोप्याचे काम केले की झाले. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मोटारींवर हा प्रयोग करून २०११ साली तो जाहीर केला. दहाच्या दहा उघडल्या. आता कोठे काही नव्या मोटारी उत्तर येण्यास किती वेळ लागला ते मोजू लागल्या आहेत. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांशात फक्त तीस सेंटिमीटर जातो, तेव्हा भिंतीपलीकडून आलेले उत्तर उशिरा आले हे त्यांना कळते. चांगली गोष्ट आहे. तोवर गृहिणींना एक विनंती. फराळ संपल्यावर चकलीचा पत्र्याचा डबा टाकू नका. डबी त्यात ठेवून झाकण घट्ट लावा, डबा घेऊन मोटारीशेजारी उभ्या राहा आणि दार उघडते का ते पाहा. उघडले नाही तर डबा पक्का. धातूच्या पेटीत विद्युत्‌प्रभाव पोचत नाही हे फॅरेडेने १८३६ साली दाखविले; त्याला चकलीचा अनुभव नसावा, एवढेच.

तर मग ह्या गुप्ततेने अडले कोण? चोर अडला नाही. संशोधकही शेवटी अडला नाही. अडले आमचे दादा, आणि अडला तो नव्या पेठेतला किल्लीवाला. बापाने कानशीवर पोट भरले. मुलगा शिकला, संगणकाला तारा जोडावयास शिकला, कर्ज काढून यंत्र आणले. त्याच्या हातातले काम कंपनीने एका आकड्यावर अडवून धरले आहे. मला ह्याचा राग येतो. गिरण्या बंद पडल्यावर ह्या गावाने स्वतःच्या हातावर जगावयाचे पुन्हा शिकून घेतले. त्या हाताला परवानगी मागावयास लावणारे कोण हे?

ही माझ्या एकट्याची कुरकुर नव्हे. भारताच्या स्पर्धा आयोगाकडे २०११ साली एका ग्राहकाने तक्रार नेली, की मोटारकंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नाहीत. आयोगाने तीन वर्षे चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. शिवाय सुटे भाग व यंत्रे स्वतंत्र कारागिरांना खुली करा, असा हुकूम केला. दंडावर अपिले झाली, वकिलांची दिवाळी झाली. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' ह्या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टल उघडले, आणि त्यात शेतीची अवजारे, फोन, घरगुती यंत्रे ह्यांच्या जोडीला मोटारीही घातल्या. उत्तम झाले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तिथे कंपनीने स्वखुशीने जे ठेवावयाचे ते ठेवावयाचे. आणि सासूने स्वखुशीने जुडगा दिल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

आता कोणी सुज्ञ गृहस्थ म्हणेल, पदपथावरच्या कोणालाही मोटारीचे गुपित द्यावे काय? उद्या चोरच किल्लीवाल्याचे दुकान मांडून बसेल. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही तयार आहे. अमेरिकेत किल्ली करणाऱ्या कारागिरांची एक नोंदवही आहे. पूर्वेतिहास तपासून कारागिराचे नाव त्यात घालतात. मग कंपनीकडून त्याला किल्लीचा आकडा मिळतो, आणि कोणत्या मोटारीचा आकडा कोणी, केव्हा, कोणत्या मालकाची कागदपत्रे पाहून घेतला ह्याची नोंद राहते. युरोपीय संघानेही २०२१ साली नियम करून अशा तपासलेल्या, स्वतंत्र कारागिरांना मोटारीच्या सुरक्षेची माहिती देणे भाग पाडले. आपल्याकडे बंदुकीचा परवाना मिळतो, सोन्याचा कस ठरविणाऱ्याला परवाना मिळतो, गॅसची टाकी घरी आणणाऱ्यालाही ओळखपत्र असते. मग किल्लीवाल्याची चौकशी करून त्याला परवाना देणे अशक्य आहे, असे मला पटवून देणारा माणूस अजून भेटावयाचा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वर्षभराचा अभ्यासक्रम ठेवावा, पोलिसांनी पूर्वेतिहास पाहावा, प्रत्येक किल्लीची नोंद व्हावी. चोराला ह्या वाटेने येणे मुळीच परवडणार नाही. तो दोन यंत्रांचीच वाट धरील.

विमा कंपन्यांची गंमत तर निराळीच. मोटार चोरीला गेली की त्या बहुधा दोन्ही मूळ किल्ल्या पुढे ठेवावयास सांगतात. एक नसेल तर मालकाकडे संशयाने पाहतात: तुम्हीच तर चोराला दिली नाही? म्हणजे किल्ली हरवली तर नवी वेळेवर मिळू द्यावयाची नाही, आणि नसली तर पैसे अडवावयाचे. मोटारविम्याच्या जुन्या दरपत्रकात एक सवलत होती: पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने मान्य केलेले चोररोधक यंत्र बसविले तर हप्त्यात अडीच टक्के सूट, फार तर ५०० रुपये. पाचशे वाचवून अठरा हजार चारशे देण्याचा हा व्यापार आमच्या मंगळवार पेठेतल्या कोणत्याही वाण्याने एका दमात नाकारला असता.

तेव्हा मागणे सरळ आहे. मोटार विकताना किल्लीचा कापावयाचा आकडा आणि आतल्या गणिताचा आकडा बंद पाकिटात घालून मालकाच्या हाती द्यावा, तिसऱ्या किल्लीची किंमत बिलावर छापावी, आणि परवानाधारक किल्लीवाल्याला तो आकडा वापरू द्यावा. पाकीट मालकाने तिजोरीत ठेवावे, हरवावे, लोणच्याच्या बरणीखाली ठेवावे. ते त्याचे त्याने पाहावे. सुनेने साखर सांडली तर सांडली. घर तिचे आहे.

सरकार हे करील तेव्हा करील. ह्या पाडव्याला मात्र जी मंडळी होटगी रस्त्याला किंवा आणखी कोठे गाडी आणावयास जाणार आहेत, त्यांनी सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. किल्ल्या किती देता? त्यांच्याबरोबरची आकड्याची पत्र्याची पट्टी किंवा पत्र कोठे आहे? एक हरवली तर दुसरी किती रुपयांत आणि किती दिवसांत, हे कागदावर लिहून देता का? आणि हरवलेली किल्ली मोटारीच्या स्मरणातून पुसून देता का, म्हणजे ती ज्याला सापडेल त्याला गाडी नेता येणार नाही? जुनी गाडी घेणाऱ्याने आणखी एक विचारावे: ह्या गाडीच्या स्मरणात आज किती किल्ल्या आहेत? दोन हाती आल्या आणि स्मरणात तीन निघाल्या, तर तिसरी कोणाच्या खिशात आहे, ते पैसे देण्यापूर्वी ठरू द्या.

विक्रेता हसेल, चहा मागवील, आणि 'वर विचारून सांगतो' म्हणेल. विचारू द्या त्याला. चहा घ्या, खुर्चीवर स्वस्थ बसा. पेढ्यांच्या पुड्याची दोरी मात्र लेखी उत्तर हाती येईपर्यंत सोडू नका.